उत्पादनातील यंत्रांवर कर्नल डीबगिंगच्या सोयी कितपत बंद कराव्यात?

मागाशेजारी (धागाकर्ता)

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात संगणक यंत्रणा सांभाळतो. आमच्या मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे आणि मागांच्या प्रत्येक रांगेला लिनक्सवर चालणारा एक औद्योगिक संगणक जोडलेला आहे. नक्षीच्या फाइली मागाकडे पाठवणे, कोणता माग किती वेळ थांबला आणि ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा, याची पाळीनिहाय नोंद ठेवणे, ही कामे तो करतो.

परदेशी खरेदीदारातर्फे होणाऱ्या तपासणीची तयारी करताना मी या संगणकांच्या बूट ओळी, म्हणजे सुरू होताना यंत्राला दिल्या जाणाऱ्या सूचना, वाचल्या. त्यात सिरियल पोर्टवर केजीडीबी, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) दोष शोधणारा डीबगर, चालू ठेवलेला आढळला. यंत्रे बसवताना पुरवठादाराने दुरुस्तीच्या सोयीसाठी तो ठेवला असावा आणि नंतर काढायचा राहून गेला असावा. एवढ्यावर भागले असते, तर मी काळजी केली नसती; पण तोच सिरियल पोर्ट एका लहान पेटीमार्फत शेडच्या नेटवर्कला जोडलेला आहे. त्या नेटवर्कवरील कोणीही पोर्टवर ब्रेकचा संकेत आणि त्यामागोमाग ‘जी’ हे अक्षर पाठवले, की कर्नल जागच्या जागी थांबतो आणि डीबगरच्या स्वाधीन होतो. माग बंद असताना मी हे स्वतः करून पाहिले. कोणताही पासवर्ड विचारला गेला नाही.

वरिष्ठांचे म्हणणे असे की डीबगिंगचे जे जे काही आहे, ते सरसकट बंद करावे. माझे मन तेवढे तयार होत नाही. गेल्या मे महिन्यात दोन संगणक दर तीन-चार दिवसांनी गोठत होते. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याची शेड, त्यामुळे सर्वांनी उष्णतेला दोष दिला आणि आम्ही पंखे बदलले. शेवटी कर्नलच्या नोंदी आणि क्रॅश डंप पाहिल्यावर कळले की दोष सिरियल कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये होता. त्या सोयी तेव्हा बंद असत्या, तर आम्ही आजही पंखेच बदलत बसलो असतो. जाणकारांनी सांगावे, की यातले काय बंद करावे, काय ठेवावे आणि कोणत्या आधारावर?

सातरस्ता

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी मूळचा सोलापूरचा असून गेली काही वर्षे कर्नलशी संबंधित काम करतो.

आधी केजीडीबीचे बोलू, कारण ते आजच बंद करावयास हवे. आपण जे करून पाहिले, त्याच स्वरूपाचा दोष २०२२ मध्ये सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२२-२१४९९ या क्रमांकाने नोंदला गेला. केजीडीबी आणि त्याचा जोडीदार केडीबी यांना कर्नलची स्मृती वाचताही येते आणि तिच्यात लिहिताही येते. लॉकडाउन, म्हणजे रूटलाही (यंत्राच्या सर्वाधिकारी खात्यालाही) कर्नलमध्ये फेरफार करू न देणारी सोय, चालू असलेल्या कर्नलमध्येसुद्धा या वाटेवर पहारा नव्हता. म्हणजे पुढचे दार कुलूपबंद आणि परसदार उघडे, अशी अवस्था होती. दुरुस्तीच्या टिपणात सिरियल पोर्टचाच उल्लेख होता, विशेषतः आभासी यंत्रांचा जो सिरियल कन्सोल काही पुरवठादार नेटवर्कवरून उपलब्ध करून देतात, त्याचा. आपल्या शेडमधील पेटी त्याहून वेगळी नाही. दुरुस्तीनंतर डीबगर लॉकडाउनची पातळी पाहूनच लिहू किंवा वाचू देतो. आपला कर्नल त्याआधीचा असेल, तर केवळ लॉकडाउन लावून सुटका होणार नाही.

आता मूळ मुद्दा. डीबगिंगच्या सोयी धोकादायक का ठरतात, हे समजण्यासाठी दोन वेगळ्या सीमा डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक चर्चांमध्ये त्या एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली सीमा सामान्य वापरकर्ता आणि कर्नल यांच्यामधील आहे. येथे डीबगिंगची सोय हल्लेखोराला मुख्यतः माहिती पुरवते. कर्नल स्मृतीत कोणत्या पत्त्यावर आहे, हे प्रत्येक बूटला बदलावे, यासाठी केएएसएलआर २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत एक्स-८६ साठी आले आणि २०१७ मध्ये ४.१२ पासून ते मुळातच चालू राहू लागले. परंतु कर्नलच्या नोंदींमध्ये किंवा कॉलसिम्सच्या, म्हणजे कर्नलमधील नावे आणि त्यांचे पत्ते यांच्या, यादीत खरे पत्ते उघड छापले जात असतील, तर ते सारे कष्ट वाया जातात. केपीटीआर रिस्ट्रिक्ट आणि डीमेसेज रिस्ट्रिक्ट ही दोन बटणे त्यासाठीच आहेत. पहिले १ वर ठेवल्यास विशेष अधिकार नसलेल्याला पत्त्यांच्या जागी शून्ये दिसतात आणि २ वर ठेवल्यास रूटलाही शून्येच दिसतात. दुसरे १ वर ठेवल्यास सामान्य खात्याला कर्नलच्या नोंदी वाचता येत नाहीत. पुढे जानेवारी २०१८ मधील ४.१५ पासून साध्या पद्धतीने छापलेला पत्ता मुळातच हॅश होऊन छापला जाऊ लागला. तो बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर विसंबून राहण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

मात्र प्रश्न केवळ माहिती फुटण्याचा नाही. डीबगिंगची सोय म्हणजेही कर्नलमधील कोडच, आणि त्यातही चुका असतात. २०१३ मधील सीव्हीई-२०१३-२०९४ चे उदाहरण घ्या. पर्फमध्ये, म्हणजे कामगिरी मोजण्याच्या सोयीत, घटनेचा क्रमांक ६४ बिटांचा येत असताना एका ठिकाणी तो ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात घेतला गेला. वरची मर्यादा तपासली जात होती, पण ऋण संख्या त्या तपासणीतून निसटत होती. एवढ्या एका चुकीमुळे कोणतेही सामान्य खाते रूट होऊ शकत होते. ज्या सर्व्हरवर पर्फ कोणी कधी वापरलेच नव्हते, तेही सर्व्हर उघडे पडले, कारण सोय सर्वांना खुली होती. आज पर्फ इव्हेंट पॅरानॉइडचे मूल्य मुळात २ असते आणि त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला कर्नलच्या आतले मोजमाप करता येत नाही. डेबियन हे लिनक्सचे वितरण त्याहून कडक वागते. विशेष अधिकार नसलेल्याला बीपीएफ प्रोग्राम (कर्नलच्या आत चालणारे लहान प्रोग्राम) चढवू देण्याची मुभाही ५.१६ पासून मुळातच बंद असते.

दुसरी सीमा रूट आणि कर्नल यांच्यामधील आहे, आणि अनेकांना तिची गरजच पटत नाही. रूट तर मालक आहे, त्याच्यापासून काय लपवायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु सिक्युअर बूटमध्ये आपण फर्मवेअरपासून कर्नलपर्यंत प्रत्येक टप्प्याची सही तपासतो. त्यानंतर रूट झालेला कोणीही डेव्ह-मेम या स्मृतीला थेट हात घालू देणाऱ्या फाइलीमधून चालत्या कर्नलच्या स्मृतीत लिहू शकत असेल, सही नसलेले मोड्यूल (कर्नलला चालू असताना जोडता येणारा भाग) चढवू शकत असेल किंवा केएक्सेकने दुसराच कर्नल सुरू करू शकत असेल, तर त्या सह्यांना अर्थ राहत नाही. ही कल्पना नवीन नाही. ४.४ बीएसडीमधील सिक्युअरलेव्हल हीच होती. पातळी वाढवता येते, पण यंत्र चालू असताना रूटलाही ती खाली आणता येत नाही.

लिनक्समध्ये डेव्हिड हॉवेल्स आणि मॅथ्यू गॅरेट यांनी अनेक वर्षे चालवलेले हे काम नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ या आवृत्तीत लॉकडाउन या नावाने स्वीकारले गेले. त्याच्या दोन पातळ्या आहेत. इंटेग्रिटी पातळीवर चालत्या कर्नलमध्ये बदल करण्याचे मार्ग बंद होतात: सही नसलेली मोड्यूल, डेव्ह-मेम, आय-ओ पोर्टांना थेट हात घालणे, एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या विशेष रजिस्टरांत) लिहिणे, हायबरनेशन, आणि डीबगएफएस या डीबगिंगसाठीच्या फाइल प्रणालीतील ज्या फाइलींमध्ये लिहिता येते त्या. कॉन्फिडेन्शियालिटी पातळीवर त्याखेरीज कर्नलमधून वाचण्याचे मार्गही बंद होतात: प्रॉक-केकोअर, केप्रोब्ज, ट्रेसएफएस, बीपीएफमधून कर्नलची स्मृती वाचणे.

आपल्या कामासाठी मी पहिली पातळी सुचवीन. ज्या यंत्राच्या कर्नलमध्ये रूटपासूनही राखायचे असे एखादे गुपित आहे, त्याच्यासाठी दुसरी पातळी आहे. आपल्या यंत्रात जपायची आहे ती कर्नलची अखंडता. तिथे वाचण्याची दारे बंद केली, तर निदान करणाऱ्याचेच डोळे बांधले जातील.

होटगीरोड_प्रयोगशाळा

सातरस्ता यांचे विवेचन पटले. मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो.

आमच्या प्रयोगशाळेत पीट्रेस स्कोप १ वर असतो. यामा नावाच्या सुरक्षा मोड्यूलमधून ही सोय २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत, मुख्य कर्नलमध्ये आली. उबुंटूने ती त्याआधीच स्वीकारली होती. मूल्य १ असताना एखादा प्रोग्राम केवळ आपण स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामलाच डीबगर लावू शकतो. दरवर्षी पहिल्याच सत्रात विद्यार्थी चालू असलेल्या प्रोग्रामला जीडीबी हा डीबगर जोडू पाहतात आणि परवानगी नाकारल्याचा संदेश पाहून गोंधळतात. मग कोणीतरी इंटरनेटवर वाचून ते मूल्य ० करतो आणि ते तसेच राहते. मला याचा खेद होतो. विद्यार्थ्यांनी प्रोग्राम जीडीबीमधूनच सुरू केला, तर काही अडत नाही, किंवा प्रोग्रामला आपल्या डीबगरचे नाव आधी सांगून ठेवता येते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बंधन का घातले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ब्राउझरमधील एखादी कमकुवत प्रक्रिया ताब्यात आली, तर त्याच खात्याच्या एसएसएच एजंटच्या (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) स्मृतीतून किल्ल्या वाचता येऊ नयेत, यासाठी ते आहे, हे एकदा दाखवले की पुन्हा कोणी शून्य करत नाही, असा माझा अनुभव आहे.

कर्नलच्या अभ्यासासाठी मात्र सर्व काही खुले असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी आम्ही क्यूएमयूमधील आभासी यंत्रे वापरतो. तेथे केजीडीबी लावा, कर्नल पाडा, डीबगएफएसमध्ये वाटेल ते लिहा. मागाशेजारी यांनीही एक संगणक बाजूला ठेवून त्यावर सर्व सोयी असलेला कर्नल बसवावा आणि दोष तेथे पुन्हा घडवून पाहावा, असे सुचवतो.

रात्रपाळी

सर, बाजूचा संगणक ठेवण्याची सूचना चांगली आहे, परंतु तिच्या मर्यादेविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी एका वित्तीय संस्थेचे सर्व्हर पाहते. जे दोष खरोखर त्रास देतात, ते प्रयोगशाळेत येत नाहीत. तोच ताण, तेच कार्ड, तीच केबल आणि तीच रात्रीची वेळ असल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्यामुळे उत्पादनातील यंत्रावरच काही डोळे शिल्लक ठेवावे लागतात.

त्यातला सर्वांत मोलाचा डोळा केडंप आहे. बूटच्या वेळी थोडी स्मृती राखून ठेवायची, तिच्यात दुसरा लहान कर्नल तयार ठेवायचा आणि मुख्य कर्नल कोसळला, की त्या लहान कर्नलने मोठ्याची स्मृती डिस्कवर उतरवून घ्यायची, अशी ती योजना आहे. लॉकडाउनमध्ये केएक्सेक बंद होतो, असे वाचून अनेक जण केडंप काढूनच टाकतात. ते चूक आहे. केएक्सेकची फाइल घेणारी नवी हाक (सिस्टिम कॉल) सही तपासून कर्नल चढवते, आणि वितरणाने सही केलेला कर्नल तिच्यातून लॉकडाउनमध्येही चढतो. जुनी हाक तेवढी बंद होते.

पण डंपची फाइल म्हणजे कर्नलच्या स्मृतीची प्रत असते आणि तिच्यात किल्ल्या, पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती राहून जाऊ शकते. चालत्या कर्नलला कुलपे लावायची आणि त्याची प्रत मात्र कोणालाही वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवायची, हे मी एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे. डंप कूटबद्ध डिस्कवर उतरवावा, तो वाचण्याचा अधिकार नेमक्या व्यक्तींना द्यावा आणि काम झाले की पुसावा. पुरवठादाराला पाठवण्यापूर्वी मेकडंपफाइलने वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची पाने गाळता येतात, तेवढे तरी करावेच.

पर्फबद्दलही एक सांगते. मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाला रूट देण्याची गरज आता उरलेली नाही. २०२० मधील ५.८ पासून कॅप-पर्फमॉन हा स्वतंत्र अधिकार आहे. आमच्याकडे निरीक्षणाच्या प्रोग्रामला तेवढाच दिलेला आहे आणि पॅरानॉइडचे मूल्य आम्ही सैल केलेले नाही.

जुळेसोलापूरकर

मला एक शंका आहे. हे सर्व बूट ओळीत ‘लॉकडाउन बरोबर इंटेग्रिटी’ एवढे लिहून होते, असे वाचले. मग रूट झालेला हल्लेखोर बूट ओळीतून तेच शब्द काढून यंत्र पुन्हा सुरू करू शकणार नाही का?

सातरस्ता

करू शकेल, आणि म्हणूनच आपली शंका या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची आहे, असे मी मानतो. सर्वसाधारण मांडणीत सिक्युअर बूट शिम आणि ग्रब हे कर्नल सुरू करून देणारे प्रोग्राम आणि कर्नल यांच्या सह्या तपासतो. ग्रबची मांडणी फाइल आणि तिच्यातील बूट ओळ यांना सही नसते. म्हणजे लॉकडाउन केवळ त्या ओळीवर अवलंबून असेल, तर रूटच्या विरुद्ध ते टिकत नाही. त्यासाठी एकतर कर्नल बांधतानाच इंटेग्रिटी सक्तीची करावी, किंवा सिक्युअर बूट चालू असल्यास लॉकडाउन आपोआप लावणारे वितरण वापरावे. फेडोरा, डेबियन आणि उबुंटू तसे करतात, पण तो त्यांनी जोडलेला भाग आहे. मुख्य कर्नलमध्ये ही जोडणी मुद्दाम ठेवलेली नाही. लॉकडाउन सिक्युअर बूटला बांधण्यास लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये तीव्र हरकत घेतली होती. दोन्ही गोष्टी स्वतंत्र निवडता आल्या पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते. परंतु कारखान्यातील यंत्रासाठी दोन्ही एकत्रच असाव्यात, कारण एकीवाचून दुसरी लंगडी आहे.

याच कारणाने केजीडीबीचा दोष गंभीर होता. रूटने बूट ओळीत केजीडीबीचा पर्याय घालायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि मग सिरियलवरून डीबगरमध्ये शिरून लॉकडाउनच पुसून टाकायचे, हे शक्य होते. विंडोजमध्ये सिक्युअर बूट चालू असताना बीसीडीएडिट या आज्ञेतून कर्नल डीबगिंग चालूच करता येत नाही. आधी फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावा लागतो, म्हणजे यंत्रासमोर उभे राहावे लागते. डीबगिंग अशक्य नसावे, पण त्यासाठी यंत्रापाशी यावे लागावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागावे, ही रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. दुरून आलेल्याला या दोन्ही गोष्टी गुपचूप करता येत नाहीत.

सिसआरक्यूकडेही, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीकडेही, पाहून घ्यावे. त्याचे मूल्य १ म्हणजे सर्व आज्ञा खुल्या. उबुंटू १७६ ठेवते. त्यात डिस्क सिंक करणे, ती केवळ वाचनीय करणे आणि यंत्र पुन्हा सुरू करणे एवढेच बसते. गोठलेले यंत्र सुरक्षितपणे उठवायला तेवढे पुरते.

मागाशेजारी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत जे केले, ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

केजीडीबी त्याच संध्याकाळी बूट ओळीतून काढला आणि सिरियलची पेटी शेडच्या नेटवर्कवरून सोडवून वेगळ्या, कुलूपबंद कपाटातील जोडणीवर नेली. नंतर वितरणाचा नवा कर्नल घेऊन एका संगणकावर सिक्युअर बूट चालू केला. लॉकडाउन इंटेग्रिटीवर आपोआप आले आणि अपेक्षेप्रमाणे सिरियल कार्डाचा ड्रायव्हर चढेना, कारण तो पुरवठादाराचा असून त्याला सही नव्हती. आम्ही स्वतःची किल्ली बनवून ती प्रत्यक्ष यंत्रासमोर बसून नोंदवली आणि ड्रायव्हरवर सही केली. ती खासगी किल्ली कोणत्याही मागाशेजारच्या संगणकावर ठेवलेली नाही. ती तिथेच ठेवली, तर रूट झालेला कोणीही आपल्या मोड्यूलवर सही करून मोकळा होईल, हे वरील चर्चेमुळेच लक्षात आले.

एक अडचण अनपेक्षित होती. ड्रायव्हरच्या बारीक नोंदी चालू करण्यासाठी आम्ही डीबगएफएसमधील डायनॅमिक डीबगची फाइल वापरत होतो आणि लॉकडाउनमध्ये तिच्यात लिहिता येईना. तीच फाइल प्रॉकमध्येही असते आणि तेथे रूटला लिहिता येते, हे शोधायला माझा एक पूर्ण दिवस गेला. आता डीबगएफएस बूट ओळीतूनच बंद ठेवले आहे आणि काही अडलेले नाही.

केडंप ठेवला आहे आणि माग बंद असताना मुद्दाम कर्नल पाडून तो उतरतो याची खात्री केली आहे. रात्रपाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे डंप कूटबद्ध विभागावर जातो आणि तो वाचण्याचा अधिकार मी आणि माझे एक सहकारी, एवढ्यांनाच आहे. सिसआरक्यू १७६, पीट्रेस स्कोप १, डीमेसेज रिस्ट्रिक्ट १. केपीटीआर रिस्ट्रिक्ट मात्र विचार करून १ वरच ठेवले, कारण डंप आणि नोंदी ताडून पाहताना रूट म्हणून मला पत्ते लागतात.

हा बदल आतापर्यंत तीन रांगांवर झाला आहे. उरलेल्या दोन रांगांच्या संगणकांचे फर्मवेअर इतके जुने आहे की त्यांत सिक्युअर बूटच नाही. तेथे कर्नल बांधतानाच इंटेग्रिटी सक्तीची करून ठेवण्याचा विचार आहे, परंतु कर्नलची फाइलच बदलणाऱ्यापासून ते वाचवणार नाही, हे मला कळते. ते संगणक बदलण्याची मागणी मी लेखी दिली आहे. मंजुरी येईपर्यंत त्यांना स्वतंत्र नेटवर्कवर ठेवले असून नक्षीच्या फाइली त्यांच्याकडे एकाच ठरलेल्या यंत्रावरून जातात.

होटगीरोड_प्रयोगशाळा

किल्ली नोंदवण्याची आणि ड्रायव्हरवर सही करण्याची पद्धत आपण पायरीपायरीने लिहून ठेवली असेल, तर ती कृपया येथे द्यावी. पुढील सत्रात मी ती विद्यार्थ्यांकडून आभासी यंत्रावर करून घेईन. सही नसलेले मोड्यूल नाकारले गेल्याची कर्नलमधील नोंद त्यांनी स्वतः वाचावी, अशी माझी इच्छा आहे.

मागाशेजारी (धागाकर्ता)

लिहून ठेवली आहे, सर. तिसऱ्या संगणकावर आमच्या सहकाऱ्याने ती माझ्या मदतीशिवाय, केवळ कागद पाहून केली आणि एका पायरीवर अडला. ती पायरी दुरुस्त करून शनिवारपर्यंत येथे देतो.